अस्सल, नक्कल आणि नमुना

आजची संस्कृती ही नकलेची संस्कृती झाली आहे, अशी तक्रार अलीकडे चोहोंकडून कानी येते. गाणी जुन्या गाण्यांवरून, लग्ने चित्रपटांवरून, घरे दुसऱ्यांच्या घरांवरून आणि मते मोबाइलवरून उचललेली. स्वतःचे म्हणावे असे कोणापाशी काही उरले नाही, असा या तक्रारीचा सूर असतो. त्यात आता संगणकही कविता रचू लागला आहे. कोट्यवधी लिखाणे पचवून पुढे कोणता शब्द यावा याचा अदमास बांधावयाचा, एवढेच ते यंत्र करते. तथापि ते इतक्या सफाईने करते की माणसाचे लिखाण कोणते आणि यंत्राचे कोणते हे ओळखणे कठीण व्हावे. आमच्या स्मरणिकेतील शुभेच्छा-संदेशांची गोष्ट अर्थात निराळी. ते यंत्र येण्यापूर्वीही एकमेकांसारखेच असत.

या विषयावर विद्वानांनी लिहावे हेच योग्य. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, धान्याच्या ठोक व्यापारात चार तपे घालविलेले गृहस्थ. परंतु नक्कल हा विषय आमच्या पेढीवर रोज सकाळी येऊन बसतो, आणि त्या अधिकाराने चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहोत. शेतकऱ्याची गाडी मंडीच्या आवारात आली की पोत्यात परखी खुपसून मूठभर दाणे तळहातावर घ्यावयाचे, फुंकर मारावयाची, एक दाणा दाताखाली फोडावयाचा आणि मग भाव बोलावयाचा, हा आमचा आयुष्यभराचा उद्योग. तळहातावरच्या त्या मुठीला आम्ही नमुना म्हणतो. नमुना हा राशीसारखाच दिसतो, पण म्हणून त्याला कोणी नक्कल म्हणत नाही. कारण नमुना आपण कोणत्या राशीतून आलो हे उघड सांगतो. नक्कल नेमके तेच लपविते. संस्कृतीविषयीची वर सांगितलेली तक्रार करणारे सज्जन या दोन गोष्टींत फरक करीत नाहीत, आणि तेथेच त्यांचा व आमचा मतभेद सुरू होतो.

हा भेद कोणी काटेकोरपणे पाळला असेल तर तो शास्त्रज्ञांनी. शास्त्राच्या राज्यात दुसऱ्याने केले ते पुन्हा करणे हे लांच्छन नसून कर्तव्य आहे. २०२३ च्या जुलै महिन्यात दक्षिण कोरियातील काही संशोधकांनी जाहीर केले की 'एलके-९९' नावाच्या त्यांच्या पदार्थातून नेहमीच्या तापमानालाही वीज यत्किंचितही अडथळ्यावाचून वाहते. खरे ठरते तर जगातील विजेचा कारभारच पालटला असता. लगोलग देशोदेशीच्या प्रयोगशाळांनी, त्यात दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळाही आली, त्याच कृतीने तो पदार्थ करून पाहिला आणि काही आठवड्यांतच दावा टिकत नाही असे ठरले. ही नक्कलच होती, परंतु ती परखी होती. दुसरी गोष्ट अशी की शास्त्रज्ञ आपल्या निबंधात कोणाचे काय घेतले ते नावनिशीवार लिहितो. आपल्या खतावणीत जसे जमा आणि नावे, तसे त्याच्याही वहीत असते. ज्याची जमा लिहावयाची ती न लिहिता माल आपल्या नावे दाखविणाऱ्यास त्या पेठेत दिवाळखोरच मानतात.

आता ही कसोटी आपल्या गावाला लावून पाहू.

बऱ्हाणपुरात राहणाऱ्यास कुंडी भंडाऱ्याची ओळख करून देणे म्हणजे तापीला पाणी दाखविणे होय. परंतु बाहेरगावी गेलेल्या आपल्या लेकीसुनांसाठी व त्यांच्या मुलांसाठी थोडे सांगतो. १६१५ साली, जहांगीर बादशहाच्या अमलात आणि अब्दुल रहीम खानखाना यांच्या सुभेदारीत, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी भूजलतज्ज्ञाने ही योजना आखली. सातपुड्यावर पडलेले पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि पोटातल्या पोटात तापीकडे सरकते, हे त्याने ताडले. त्या वाटेवर जमिनीखाली बोगदा घालून त्याने पाणी अडविले, आणि बोगद्याला इतका बेताचा उतार दिला की पाणी आपल्या भारानेच शहराकडे चालत यावे. हवा व उजेड मिळावा आणि साफसफाईस उतरता यावे म्हणून ठरावीक अंतरावर विहिरीसारख्या कुंड्या बांधल्या. अशा शंभराहून अधिक कुंड्या एका ओळीत आहेत. मोट नाही, रहाट नाही, पंप नाही. आणि चारशे वर्षांनंतरही पाणी वाहते आहे. २०२४ च्या मार्चमध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत या 'खुनी भंडाऱ्या'चे नाव गेले, तेव्हा गावात पेढे वाटले गेले आणि ते योग्यच झाले.

परंतु ही योजना मौलिक म्हणावी की अनुकरण? इराणात अशा भुयारी कालव्यांना कनात म्हणतात आणि ती विद्या तेथे हजारो वर्षांची आहे. म्हणजे कल्पना सर्वस्वी परकी. तरीही आम्ही तिला नक्कल म्हणणार नाही. इराणातील डोंगर निराळा आणि सातपुडा निराळा. तिकडे पुष्कळ ठिकाणी वितळलेल्या बर्फाचे पाणी, इकडे चार महिन्यांच्या मोसमी पावसाचे. इराणचा नकाशा जसाच्या तसा बऱ्हाणपुरावर अंथरला असता तर भुयारे कोरडी राहिली असती. त्या माणसाने कालवा उचलून आणला नाही. कालवा खणण्यापूर्वी जो प्रश्न विचारावा लागतो तो प्रश्न आणला. येथील पाणी कोठून येते आणि कोठे जाते? उत्तर मात्र त्याला येथल्याच मातीत शोधावे लागले.

आता याच भूमीतील आमचा आजचा व्यवहार पहा. आपला जिल्हा केळीचा, आणि केळीला पाणी फार लागते. शेजाऱ्याने तीनशे फूट कूपनलिका खणली म्हणून आपण चारशे फूट खणावयाची, आणि त्याने पाचशेचे यंत्र बोलाविले की आपण सहाशेचा हिशेब करावयाचा. पाणी कोठून येते हा प्रश्न ना त्याने विचारला ना आपण. कूपनलिका हे यंत्र आधुनिक आहे. परंतु ती खणण्याची ही रीत निव्वळ नकलेची आहे. चारशे वर्षांपूर्वीचा परदेशी पाहुणा या भूमीविषयी आमच्यापेक्षा अधिक मौलिक विचार करून गेला, हे लिहिताना आम्हास संकोच वाटतो. पण ते खरे आहे. नळीने आपण जे पाणी उपसतो ते कुंडीच्या वाटेवरचेच पाणी असू शकते, याचा विचार वारशाच्या यादीचे पेढे वाटताना कोणी केल्याचे आम्ही ऐकले नाही.

नक्कल म्हटली की लोक आधी दुसऱ्याच गोष्टीकडे बोट दाखवितात. २०२१ साली आमच्या गावात ताजमहालाच्या धर्तीवर एक घर उभे राहिले आणि त्याची छायाचित्रे देशोदेशी पोहोचली. पुष्कळांनी नाक मुरडले. आम्हास त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. मुमताजमहल १६३१ साली याच गावी वारली, तेव्हा ताजमहालाची आठवण बऱ्हाणपुराने काढू नये तर कोणी काढावी? खुद्द ताजमहालानेही दिल्लीच्या हुमायूनच्या मकबऱ्यापासून पुष्कळ घेतले आहे. जे कशावरून घेतले ते लपविलेले नाही, ते आमच्या व्याख्येप्रमाणे नमुन्यात जमा. आम्हास अधिक सलते ते लग्नसमारंभातले अनुकरण, कारण तेथे कोणाचे घेतले हे घेणाऱ्यालाही ठाऊक नसते. कोणत्या विधीचा काय अर्थ, हे विचारले तर वधूपिता मंडपवाल्याकडे पाहतो. असो.

आमच्या स्वतःच्या मालाकडे वळतो. तेथे बोलण्याचा आमचा हक्क थोडा अधिक आहे.

आपण आज जो गहू खातो त्याची वंशावळ पाहिली तर स्वदेशी-परदेशी हा वाद किती पोकळ आहे ते कळते. जपानात 'नोरिन-१०' नावाचा बुटका गहू तयार झाला. त्याच्या पूर्वजांत जपानचा 'दारुमा' होता, तसेच अमेरिकेतून जपानात गेलेले दोन गहूही होते. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, त्याचे बी अमेरिकेत गेले. तेथून ते मेक्सिकोत डॉ. नॉर्मन बोरलॉग यांच्या हाती आले. बुटकेपणाचे महत्त्व असे की उंच गव्हाला खत अधिक दिले तर ओंबीच्या भाराने तो आडवा पडतो आणि दाणा हाती लागत नाही. आखूड काडीचा गहू तो भार पेलून उभा राहतो. बोरलॉग यांनी आणखी एक चमत्कारिक उद्योग केला. एकाच वर्षात एक पीक सखल, उष्ण प्रदेशात आणि दुसरे दूरच्या थंड पठारावर, असे ते बी पिढ्यानपिढ्या हिंडविले. त्यामुळे दिवस लहान असो वा मोठा, त्याची पर्वा न करणारा गहू हाती आला, आणि म्हणूनच तो पुढे हिंदुस्थानातही रुजला. १९६६ साली आपल्या सरकारने मेक्सिकोहून १८,००० टन बियाणे आणविले. बोरलॉग यांना १९७० साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, हे सर्वांस ठाऊक आहेच.

येथवर सारी आयातच झाली. परंतु तो गहू लाल दाण्याचा होता. आमच्या पेढीवरील वडीलधारी सांगत की लाल गहू पाहिला की गिऱ्हाईक पोत्याला हातही लावीत नसे. अमेरिकेच्या मदतीतून आलेल्या लाल गव्हाची आठवण ताजी होती, आणि घरच्या बायांना तर पोळी पिवळसर, मऊ हवी. उत्पन्न दुप्पट आणि भाव खाली, असा पेच पडला. दिल्लीच्या पुसा येथील संशोधन संस्थेत डॉ. स्वामिनाथन यांच्या चमूने मेक्सिकोच्या 'सोनोरा-६४' या वाणाच्या बियाण्यावर गॅमा किरणांचा प्रयोग केला, आणि त्यातून सोनेरी दाण्याचा 'शरबती सोनोरा' निवडला. १९६७ साली तो शेतकऱ्यांस मिळाला. आमच्या मते परक्या गव्हाला हिंदुस्थानी दाखला मिळाला तो येथे. बुटकेपणा जपानचा, सहनशीलता मेक्सिकोची, आणि पोळीचा रंग आमच्या चुलीचा. मौलिकता म्हणून जी वस्तू आहे ती आभाळातून पडत नाही. आपली गरज कोणती हे नेमके ओळखून उसन्या मालात केलेला तो एक फेरफार असतो. पुष्कळदा तो फेरफार दाण्याच्या रंगाएवढाच असतो.

जाता जाता एक खुलासा. आज बाजारात ज्यास शरबती म्हणतात तो हा शरबती सोनोरा नव्हे. सीहोरच्या काळ्या जमिनीत, कमी पाण्यावर होणारा, प्रामुख्याने सी-३०६ या जुन्या उंच वाणाचा तो गहू. २०२३ साली त्यास भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला. आणि मान मिळाला की नकलेची सुगी सुरू होते, हे बाजाराचे जुने गणित आहे. सीहोरमध्ये जेवढा शरबती पिकतो त्याहून कितीतरी अधिक शरबती पिशव्यांवर छापला जातो, हे आम्ही आपल्याच सभासद बंधूंस सांगावयाचे म्हणजे नको तेवढे बोलणे होईल. तरीही छापून ठेवतो.

यापुढची हकीगत आम्ही मुद्दाम विस्ताराने लिहीत आहोत, कारण तिच्यात शास्त्रज्ञ आहे, शेतकरी आहे आणि दुर्दैवाने व्यापारीही आहे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे एक लहान गाव आहे. मराठवाड्यातले मोठे नांदेड ते वेगळे. तेथे दादाजी रामाजी खोब्रागडे हे गरीब शेतकरी राहत. शिक्षण प्राथमिक शाळेतच थांबलेले, जमीन दीड-दोन एकर. १९८३ साली आपल्या शेतातील 'पटेल-३' या भातात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाणा बारीक, रंग निराळा. शेजारून शेकडो माणसे गेली असती आणि एकासही त्या दिसल्या नसत्या. त्यांनी त्या खुडून निराळ्या ठेवल्या, पुढल्या हंगामात निराळ्या पेरल्या, आलेल्या पिकातून पुन्हा निवड केली, आणि हे वर्षानुवर्षे चालविले. भात हे स्वपरागी पीक. त्यामुळे काळजीने निवड केली तर वेगळेपण टिकते. प्रयोगशाळेत पांढरा कोट घालून जे करतात तेच ते गुडघाभर चिखलात उभे राहून करीत होते. निरीक्षण केले, वेगळे काढले, पुन्हा पेरले, तोलून पाहिले. शास्त्रज्ञ आणखी निराळे काय करतो?

काही वर्षांनी, १९९० च्या सुमारास, त्या बारीक, चवदार तांदळाची पोती तळोधीच्या बाजारात विक्रीस आली. मालास नाव नव्हते. नावावाचून भाव बोलावा कसा? त्या काळी एच. एम. टी. चे घड्याळ मनगटावर असणे ही प्रतिष्ठेची खूण होती, तेव्हा व्यापाऱ्याने तेच नाव तांदळास देऊन टाकले. मौज अशी की ते घड्याळ तरी मुळात कोठले? १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने आपल्या सरकारने बंगलोरला ते काढले. तोही उघड सांगून घेतलेला नमुनाच. म्हणजे चंद्रपूरच्या शेतकऱ्याच्या अस्सल वाणास जपानी विद्येवर उभ्या राहिलेल्या घड्याळाचे नाव मिळाले. घड्याळाचा तो कारखाना २०१६ साली बंद झाला. तांदूळ मात्र आजही प्रत्येक वाण्याच्या दुकानात आहे, आणि आपल्या पेठेत तांदूळ घेणाऱ्या शंभरांपैकी एकासही खोब्रागडे हे नाव ठाऊक असेल असे आम्हास वाटत नाही.

१९९४ साली कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही येथील केंद्राने त्यांच्याकडून पाच किलो बियाणे नेले आणि १९९८ साली शुद्ध केलेले वाण 'पीकेव्ही-एचएमटी' या नावाने प्रसृत झाले. श्रेय कोणाचे यावर पुढे पुष्कळ वाद झाला. त्या वादात आम्ही शिरत नाही. शुद्धीकरण हेही कष्टाचे काम आहे. खोब्रागडे मात्र थांबले नाहीत. त्यांनी आणखी कित्येक वाण काढले, आणि आता बाजाराने नाव देण्याची वाट न पाहता आपल्या गावाचे नाव दिले. 'नांदेड हिरा' आणि 'नांदेड चिन्नूर' ही त्यांतली दोन. २००५ साली त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला, २०१० साली एका अमेरिकन नियतकालिकाने त्यांचे नाव नामवंतांच्या यादीत घेतले. ३ जून २०१८ रोजी ते वारले. अखेरपर्यंत हलाखी सुटली नाही.

सुज्ञ वाचकांनी येथे आपल्या वहीकडे पाहावे. या तांदळावर शेतकऱ्याने कमावले, गिरणीवाल्याने कमावले, अडत्याने कमावले, किरकोळ दुकानदाराने कमावले. आमच्या पेढीनेही कमावले. मूळ धनकोचे खाते मात्र कोणाच्याच खतावणीत उघडले गेले नाही. आमच्या धर्मात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांत 'प्रतिरूपक व्यवहार' हा एक आहे. उंची मालात तसाच दिसणारा हलका माल मिसळून खपविणे, असा त्याचा अर्थ लहानपणी पाठशाळेत सांगत. ज्यांनी ती यादी केली त्यांनी नकलेस खोटेपणाच्या सदरात न घालता चोरीच्या सदरात घातले, यात मोठी समज आहे. हलका तांदूळ मिसळणारा गिऱ्हाइकाच्या खिशातील फरक चोरतो हे तर उघड आहे. पण दाण्याइतकेच नावही चोरले जाते, आणि जेथे ते चोरले जाते तेथे पुढचा खोब्रागडे लोंबी खुडून वेगळी ठेवण्याचे श्रम कशासाठी घेईल?

याच्या अगदी उलट वागलेल्या एका शास्त्रज्ञाची गोष्ट आम्हास फार आवडते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा-स्पर्धेत नारायण विनायक जगताप या अपरिचित लेखकाची 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. पुढे कळले की हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर. नावाची आद्याक्षरे उलटी फिरविलेली, आणि अक्षर ओळखू नये म्हणून हस्तलिखित पत्नीने लिहून दिलेले. त्या वेळी त्यांचे नाव जगभर झालेले होते. ते नाव पोत्यावर छापले असते तर परीक्षकांनी आत परखी न घालताच माल पसंत केला असता, म्हणूनच त्यांनी ते काढून ठेवले. आपण हलक्या मालावर मोठे नाव चिकटवितो. त्यांनी अस्सल मालावरचे मोठे नाव खरवडून काढले आणि म्हटले, आता पारखा. विश्वाच्या उत्पत्तीविषयीही त्यांनी बहुमताच्या मागे न जाता गुरू फ्रेड हॉईल यांच्यासह अल्पमताचा पक्ष अखेरपर्यंत लावून धरला. तो पक्ष बहुसंख्य शास्त्रज्ञांनी मान्य केला नाही. पण सगळे म्हणतात म्हणून होय म्हणावयाचे नाही, ही शिस्त त्यांनी २० मे २०२५ रोजी देहावसान होईपर्यंत पाळली. कोल्हापुरात जन्मलेला, काशीत वाढलेला आणि केंब्रिजात शिकलेला हा माणूस कथा लिहावयास बसला तेव्हा मराठीत लिहिता झाला, याचेही आम्हास अप्रूप आहे.

आता आमच्या मुलांविषयी. शाळांतून विज्ञान-प्रदर्शने भरतात आणि पाहुणे म्हणून आम्हास बोलावितात. दर वर्षी तीन-चार ज्वालामुखी ठरलेले. पुठ्ठ्याचा शंकू, त्यात खाण्याचा सोडा, वरून व्हिनेगर, आणि लाल फेस. असे देखावे आता दुकानात तयार मिळतात. मूल फक्त नावाची चिठ्ठी लावते. त्यास विचारावे, बाळ, आपल्या गावाखाली कोणता दगड आहे? उत्तर येत नाही. वस्तुतः असीरगडच्या डोंगरापासून सातपुड्याच्या या भागात जिकडे तिकडे दिसणारा काळा पाषाण हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. आणि तो लाव्हा शंकूसारख्या डोंगरातून नव्हे, तर बहुतांशी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून थरावर थर पसरत आला. म्हणजे मूल खऱ्या ज्वालामुखीच्या दगडावर उभे राहून परक्या ज्वालामुखीचे पुठ्ठ्याचे चित्र दाखविते! यात मुलाचा दोष नाही. परीक्षक म्हणून बक्षीस देणारे आपणच असतो.

म्हणून येत्या वार्षिक सभेपुढे आम्ही दोन सूचना ठेवणार आहोत, आणि सभासदांनी त्यांवर आधी विचार करावा एवढ्यासाठी हा लेख. पहिली अशी की आपल्या सभासदांच्या पिशव्यांवर वाणाचे खरे नाव आणि माल ज्या भागातून आला त्याचे नाव छापावे. ज्यास वाण ठाऊक नसेल त्याने नुसता गहू किंवा नुसता तांदूळ छापावे. यात पहिली दोन वर्षे भाव थोडा कमी मिळेल, हे आम्हास मान्य आहे. दुसरी अशी की मंडळातर्फे दर वर्षी एका विद्यार्थ्यास, तो सभासदाचा असो, हमालाचा असो की शेतकऱ्याचा, स्वतःच्या डोळ्यांनी केलेल्या एका वर्षाच्या निरीक्षणाबद्दल बक्षीस द्यावे. कोणाकडून काय शिकलो हे त्याने पहिल्याच पानावर लिहावे. बक्षिसाची पहिल्या पाच वर्षांची रक्कम आमच्या पेढीकडून जमा होईल.

विषय काय द्यावेत असे काहींनी विचारले. कुंडी भंडाऱ्याच्या जवळच्या विहिरींतील पाण्याची पातळी दर पौर्णिमेस मोजणे हा एक. केळीच्या बागेस प्रत्यक्ष किती पाणी लागते आणि आपण किती देतो, हा दुसरा. तिसरा आमच्या घरातलाच आहे. साठवणीच्या गव्हात सोंडे पडू नयेत म्हणून कोणाच्या घरी कडुलिंबाचा पाला घालतात, कोणाकडे राख, कोणाकडे बिबा, आणि प्रत्येक सासूबाईंचे म्हणणे असते की त्यांचीच रीत खरी. विषारी औषधावाचून जीव न मारता धान्य राखणे ही आपल्या घरांची जुनी चिंता. परंतु सारख्या गव्हाचे चार डबे शेजारी शेजारी ठेवून, तीनांत हे तीन उपाय करून आणि चौथा काही न घालता तसाच ठेवून, बारा महिन्यांनी दाणे मोजून पाहिल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही. गहू लागेल तेवढा आमच्या वखारीतून न्यावा.